मन्जियाच्या काळजातली जादा वाट

ओहोटी लागली की आम्ही समुद्रकाठच्या झारात गावच्या बायका चिखलात शिंपल्या वेचायला उतरतो. माझी वहिनी मन्जिया आमच्यात सगळ्यात चपळ. पण वाकून वेचता वेचता मधेच छातीवर हात ठेवून मटकन बसायची. काळीज एकाएकी धावत सुटायचं आणि तसंच एकाएकी ताळ्यावर यायचं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी अगदी चांगला.

"कामाचं नाव काढलं की हिला धडधडतं," आमची आई म्हणायची.

"मग तुम्ही या चिखलात, सासूबाई. मी घरी कुसकुस रांधते," मन्जिया हसून म्हणायची. मला मात्र एकदा हळूच म्हणाली, "सालहा, एखाद्या दिवशी मी पाण्यातच राहीन गं."

त्या हिवाळ्यात शिंपल्याने तिचा तळवा कापला. दवाखान्यात नर्स मलमपट्टी करत असतानाच काळीज धावत सुटलं. नर्सने हातातलं टाकून आधी ईसीजीच्या तारा लावल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते धावणं कागदावर उमटलं.

तो कागद घेऊन आम्ही स्फाक्स शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई, रीम घदीरा, म्हणाल्या, "काळजाची स्वतःची वीज असते. ती वरून निघते, मधल्या नाक्यावर जराशी थबकते, मग खाली उतरते. म्हणून ठोके तालात पडतात. तुझ्यात जन्मापासून एक जादा वाट आहे. खाली उतरलेली वीज तिथून परत वर चढते आणि गोल फिरत राहते."

"म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ नव्हते?"

"मुळीच नव्हते."

मन्जियाने पदरात तोंड लपवलं आणि पोटभर रडली.

ती वाट बंद करण्यासाठी मांडीच्या शिरेतून बारीक तारा काळजापर्यंत नेल्या. मन्जिया पूर्ण जागी होती. डॉक्टरीणबाईंनी धडधड मुद्दाम उठवली, जादा वाट हुडकली आणि तेवढीच जाळली. मग पुन्हा उठवून पाहिली, पण काळीज सुटलं नाही. आई बाहेर जपमाळ ओढत बसली होती. सगळं नीट झाल्याचं ऐकल्यावर तिने माझा हात घट्ट धरला.

घरी आल्यावर एखादा ठोका चुकला तरी मन्जिया घाबरायची. "असा सुटा ठोका सगळ्यांचाच चुकतो. खुशाल हिंड," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. वसंतात ती पुन्हा चिखलात उतरली.

परवा शेजारची हनून म्हणाली, "मला फार धडधडतंय." तिचा नवरा हसला. मन्जियाने बादली खाली ठेवली, हनूनचा हात धरला आणि दोघी दवाखान्याच्या रस्त्याला लागल्या. मीही त्यांच्यामागून निघाले.