स्वराची आई जोगवा मागायला गेली तो मंगळवार

स्वरा गेली तेव्हा तिची आई जवळ नव्हती. कारण मी तिला "जा" म्हणाले होते.

आज वर्ष झालं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी धाराशिवला लहान मुलांच्या आयसीयूत स्टाफ नर्स. स्वरा (नाव बदललंय) जळकोटकडची, चार वर्षांची, डेंग्यूची पेशंट.

बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला की त्यातला लाल लाईट ती सगळ्यांना दाखवायची. "माझ्या बोटात दिवा हाय!" राऊंडला आलेल्या डॉक्टरांनाही सोडलं नाही.

मूल भरती झालं की आम्ही पहिल्या तासात एक फॉर्म भरतो. बीपी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, रक्ताचे रिपोर्ट.
त्यावरून कॉम्प्युटर स्कोअर काढतो. मूल दगावायचा धोका किती, ते.

सोमवारी स्वराचा स्कोअर कमी आला. एकदम कमी.
मी अशी खूश, जणू पेपरात मीच पास झाले.

मंगळवारी सकाळी ताप उतरला. पोरीनं बिस्कीट मागितलं.

तिची आई माझ्याजवळ आली. नवरा टेम्पो घेऊन लांब गेलेला, अजून वाटेतच होता.

"ताई, काल हितं आणताना लेकरू डोळं उघडंना, तवा म्या देवीला बोलले. पाच घरचा जोगवा मागून तुझ्या पायरीला येते म्हणून. आज मंगळवार हाय. तुळजापूरला जाऊन येऊ का? तुमी म्हणताल तसं."

मी फाईल उघडली. स्कोअर बघितला.
"जा वहिनी, बिनघोर जा. रिस्क लो आहे."

डेंग्यूत ताप उतरला म्हणजे पोर बरं झालं असं नसतं. खरा धोका तिथूनच सुरू होतो. मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. नव्या मुलींना मीच शिकवते!

आणि तो स्कोअर सोमवारचा होता. मंगळवारचं त्याला काय कळणार? तो शंभर पोरांचा अंदाज सांगतो. त्यातली आपली कोणती, हे नाही सांगत.

अकराच्या सुमारास स्वराचे हातपाय गार पडले.
"मम्मी कुठंय?"
"येतेय बाळा." मी फोन लावत होते, लागत नव्हता.

मग बीपी घसरला. सलाईन, इंजेक्शनं, व्हेंटिलेटर. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं.
दीड वाजता सगळं संपलं.

वहिनी तीनला आल्या. हातात परडी, कपाळभर कुंकू.
बेडकडे बघितलं. आधी रडल्याच नाहीत. माझा हात घट्ट धरला.

"ताई, पाचव्या घराला कुलूप व्हतं. लेकरू वाट बघत असंल म्हणून म्या चारच घरं मागून माघारी आले. त्याच्यानंच झालं का वं?"

मी "नाही" एवढंही बोलले नाही. नाही म्हटलं असतं तर "मग कशानं?" आलं असतं.

परवा त्यांच्या गावच्या एका पेशंटचा बाप भेटला. म्हणाला, ती बाई दर मंगळवारी जोगवा मागते. पाच घरं मोजून. एखादं दार बंद असलं तर उघडेपर्यंत उंबऱ्याशी बसून राहते.

त्यांना खरं सांगायला मी दोनदा जळकोटच्या एसटीत बसले. दोन्ही वेळा वाटेतच तुळजापूरला उतरून परत आले. वहिनी फेसबुकवर नाहीत, म्हणून तर इथं लिहायची हिंमत झाली. अशी मी.

स्वरा, मम्मी तुला सोडून गेली नव्हती गं. मी पाठवलं होतं.

बाळा, तुला श्रद्धांजली. माफी मागायला तोंड नाही.