पुन्हा नको रे

आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना साधा निरोप समारंभ चालत नाही. रुसैलच्या कारखान्यात आयुष्य काढलेले आमचे पेटीवाले काका कायमचे गुहागरला निघाले, तेव्हा त्यांनीच रचलेलं गाणं मुलांनी दोन आवाजांत म्हणायचं ठरलं. "सिम्फनीसारखं वाटलं पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. मुलं कीबोर्डच्या क्लासला जातात, त्यामुळे गाणं पाच रेघांच्या स्वरलिपीत हवं होतं. ते काम माझ्याकडे आलं, कारण अल् खुवैरच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरसमोर बसतो.

काकांनी ते गाणं पहिल्यांदा मस्कतला येताना बायकोच्या तोंडी रचलं होतं. आजवर ते फक्त त्यांनी स्वतःच म्हटलेलं. जाण्याआधी एकदा दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

वरचा आवाज म्हणतो, 'पुन्हा ये रे'. त्याच वेळी खालचा म्हणतो, 'विसरू नको रे'. स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरला हे एकाच वेळी बोलणं मान्य नव्हतं. वरचा 'ये' दोन सुरांवर लांबवायचा होता. तिथे जागा दिसली की खालचा 'नको' येऊन बसायचा. तो हलवला की पुढची सगळी ओळ एका सुरानं घसरायची. चौथ्या संध्याकाळी प्रत्येक सुराखाली एकेक अक्षर आलं आणि मी छापून मोकळा झालो. मुलांना देवनागरी जड जाते म्हणून शब्द रोमन अक्षरांत होते. रोमनमधलं मराठी मी वाचत नाही, नुसतं बघतो.

अल् खौदच्या एका फ्लॅटमध्ये दोन गटांचा दोन खोल्यांत सराव झाला. शिफ्टमुळे काका एकदाही येऊ शकले नाहीत.

समारंभात अध्यक्षांचं लांबलचक भाषण संपल्यावर मुलं उभी राहिली. वरच्या गटानं काकांकडे बघत, अगदी सुरात म्हटलं, 'पुन्हा नको रे'. खालच्यांनी साथ दिली, 'विसरू ये रे'. ते ध्रुवपद होतं, चार वेळा आलं. मुलं कागदाशी प्रामाणिक होती. मी तिसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसलो होतो. टाळ्या जोरात पडल्या.

वडे वाटायला सुरुवात झाली तेव्हा मी काकांपाशी गेलो.

"काका, चूक माझी. शब्दांची अदलाबदल झाली."

"तरीच. हिला व्हिडिओ पाठवला, तर विचारत्येय, मी असं कधी म्हटलं?"

"मुलं अजून आहेत. पुन्हा म्हणवून घेऊ का?"

"पुन्हा नको रे," काका म्हणाले आणि पेटीचा भाता बंद करायला वळले.