आडवी कामटी

लाल चिंधी कुठे दिसली, मग ती एखाद्या शेताच्या बांधावर का असेना, की ती घटना माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. नोकरीची शेवटची वर्षं मी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेवरच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. ठाण्याचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथंच आहेत आणि मला त्यांच्याकडे अधूनमधून चहाला जायचं असतं.

डिसेंबर संपत आला होता. सकाळची हजेरी चालू असताना गोपनीय शाखेचा शिपाई माझ्या कानाशी लागला. बाजारातल्या शिंप्याने खबर दिली होती. एका तरुणाने त्याच्याकडून लाल कापडाच्या बोटभर रुंद पट्ट्या फाडून नेल्या होत्या, आणि त्याही थोड्याथोडक्या नाहीत, चांगल्या ऐंशी. त्याच्या भाड्याच्या खोलीत बांबूच्या कामट्यांचा भारा पडलेलाही शिंप्याने पाहिला होता.

ज्याने आमच्या भागात नोकरी केलेली नाही, त्याला यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. आमच्याकडे रानात लाल कापड बांधलेलं दिसलं, की त्याच्या खाली नक्षलवाद्यांनी काय पुरलंय हे आधी बघावं लागायचं. मी दोन पंच आणि चार माणसं घेऊन खोलीवर गेलो.

आत तिघं होती. चोविसेक वर्षांचा एक गोंड तरुण, त्याच्या बरोबरीचा एक मित्र आणि ग्रामीण रुग्णालयात नर्स असलेली एक मुलगी. आमच्या कागदात तो तरुण 'म्होरक्या' झाला, म्हणून मीही त्याला तेच म्हणतो. जमिनीवर नकाशा पसरलेला होता आणि त्यावर पेन्सिलीने 'कॅम्प एक', 'कॅम्प दोन', 'माघार' असं लिहिलेलं होतं. शेजारी दोराची वेटोळी, कुऱ्हाडीसारखी टोकदार हत्यारं, मोहाच्या लाडवांचा डबा आणि टोकाला लाल पट्टी बांधलेल्या ऐंशी कामट्या.

आमचे रायटर हवालदार पंचनामा लिहिता लिहिता म्हणाले, "सायेब, आता काय बाकी राह्यलं? वरती कळवून टाका."

वर कळवणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. एक संदेश गेला असता तर तिघांची नावं कायमची यादीत बसली असती. मग उद्या निर्दोष ठरले तरी नोकरीच्या पडताळणीत ते नाव निघतंच. हे सगळं माहीत असूनही माझा हात फोनकडे गेला होता. थांबलो तो केवळ एका खोडीमुळे. मी आधी जबाब घेतो आणि सगळा लिहून घेतो. ठाण्यात मला माघारी 'लिहा-लिहा साहेब' म्हणत, ते मला ठाऊक होतं.

तिघांना ठाण्यात आणून वेगवेगळं बसवलं. तिघांनी एकच सांगितलं. हिमालयातल्या एका आडबाजूच्या रांगेत भर हिवाळ्यात शिखर चढायला जायचं आहे. म्होरक्या आश्रमशाळेत असताना निवडला गेला होता आणि एका संस्थेत गिर्यारोहणाचं शिक्षण घेऊन आला होता. हत्यारं बर्फात रोवायची होती.

"भर थंडीत काऊन?" मी विचारलं. "उन्हाळ्यात जा की."

"सायेब, उन्हाळ्यात त्या खोऱ्यातली नदी फुगते. जाताच येत नाई. थंडीत थे गोठते, मंग तिच्यावरूनच चालत जायचं."

आमच्या वैनगंगेवरून माणसं चालत चालली आहेत असं मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. पटलं नाही.

इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. बनाव रचलेली माणसं एकमेकांची तक्रार करत नाहीत, फार गोडीने एकच सांगतात. म्हणून मी प्रत्येकाला विचारलं, तयारीत काय चुकतंय? आणि धरणाचं दार उघडलं.

नर्स म्हणाली, "त्याले दहादा म्हटलं, मोजे चार चार जोड घेऊ. दोनात भागते म्हणते! पाय काळे पडले तर कोण पाह्यल, मीच ना?" मित्र म्हणाला, म्होरक्या रॉकेल मोजूनमापून नेतो, बर्फ वितळवल्याशिवाय तिथं प्यायला पाणी नाही हे त्याला कळत नाही. म्होरक्या म्हणाला, "दोघं बी भारी सामान भरून राह्यले सायेब, पाठीवर कोण घेणार?" तासाभराने मी हसू दाबत बसलो होतो. असं भांडण रचता येत नाही.

उरल्या कामट्या. म्होरक्या म्हणाला, "बर्फात पायवाट बुजते. वापस येताना सापडावी म्हून उभी रोवत जायची. अन् फाट्यावर दोन वाटा दिसल्या, त जिकडे गेलो नाई तिकडे आडवी ठेवायची. माझा बाबा जंगलात तसंच करते."

"हे कशाला लिहायचं सायेब?" हवालदारांनी विचारलं.

"लिहा," मी म्हणालो.

त्या संस्थेकडे फोन करून खात्री केली आणि संध्याकाळच्या आत सामान सुपूर्दनाम्यावर सही घेऊन परत दिलं. मोहिमेचा बेत लिहिलेल्या त्यांच्या कागदाची झेरॉक्स मात्र फाइलला लावली. त्या कागदावर शेवटी 'घरचा संपर्क' अशी ओळ होती आणि ती कोरीच होती. विचारलं तर म्हणाला, गावात टॉवर नाही, बाबाकडे फोन नाही. मी म्हटलं, माझा नंबर टाक. मनातून थोडा खजील झालो होतो, त्याची ती भरपाई असावी. "माझी चूक झाली" हे तीन शब्द मात्र तोंडातून फुटले नाहीत. खाकी अंगावर असली की ते शब्द घशातच अडकतात.

तीन आठवड्यांनी सकाळी दहाच्या सुमारास मला फोन आला. त्या डोंगरातल्या ठाण्याचा अधिकारी हिंदीत बोलत होता. तिघं ठरल्या दिवशी खाली आलेली नाहीत, वर दोन दिवस उलटले आहेत, शोधपथक निघालं आहे. इथल्या नोंदवहीत त्यांनी घरचा संपर्क म्हणून आपलाच नंबर दिला आहे, घरच्यांना कळवा.

बेताची झेरॉक्स माझ्या फाइलला आहे एवढं मी त्याला सांगितलं आणि जीप पाठवून म्होरक्याच्या बाबाला आणवलं. बारीक अंगाचा, पन्नाशी उलटलेला माणूस. उभं आयुष्य बांबू तोडण्यात गेलेलं. बाकावर बसला आणि म्हणाला, "मले दुसरं काई समजत नाई भाऊ. पोरगा कुठी गेला, थे तुमच्याच कागदात लिहून हाये म्हणते."

बारा वाजता पुन्हा फोन आला. दोन घळी मिळतात त्या ठिकाणी पथकाला खूण सापडली होती. डाव्या घळीच्या तोंडाशी लाल पट्टीची कामटी पडलेली होती, दुसरी एकही दिसत नव्हती. पथक डावीकडे निघत होतं. आपल्याकडच्या बेताशी ते जुळतं का, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मी फाइल उघडली. बेतात स्पष्ट लिहिलं होतं, 'डावी घळ'. हो जुळतं, म्हणायला तोंड उघडलं आणि पान उलटताना जबाब दिसला. 'जिकडे गेलो नाही तिकडे आडवी.' एकाच फाइलची दोन पानं एकमेकांशी भांडत होती.

मी फोन धरूनच बाबाला सगळं सांगितलं.

"इचारा सायेब, काडीवर गोटे हायेत का?"

विचारलं. तिकडून वायरलेसवर पथकाला विचारलं गेलं. आम्ही थांबून राहिलो. उत्तर आलं, आहेत. दोन्ही टोकांना एकेक दगड.

"मंग वाऱ्यानं पडली नाई थे," बाबा म्हणाला. "ठेवली हाये. तिकडे नाई गेला पोरगा."

"पण कागदावर डावीकडेच लिहिलंय हो."

"कागद घरी लिहिला सायेब. काडी तिथी ठेवली. तिथची खरी."

मी त्या अधिकाऱ्याला सांगितलं, उजवीकडे जा. तो म्हणाला, उजवी घळ लांबची आहे, चुकली तर अख्खा दिवस जाईल आणि त्यांच्याजवळचं रॉकेल आज संपलेलं असणार. मीही तोच हिशेब करत होतो, कारण मित्राचा रॉकेलचा जबाबही माझ्यासमोरच होता. माझं चुकलं असतं तर तीन जीव माझ्या शब्दावर गेले असते. मी बाबाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, हातातल्या दुपट्ट्याची गाठ सोडत-बांधत होता.

"उजवीकडेच," मी म्हणालो. "माझ्या नावावर लिहून घ्या."

त्या दिवशी काही कळलं नाही. बाबा घरी जायला तयार नव्हता. आमच्या मेसमधला भात त्याने पुढ्यात घेतला आणि तसाच ठेवला. मीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी हजेरी चालू असताना फोन वाजला. तिघंही जिवंत होती. डाव्या घळीत वरून बर्फ कोसळत होतं म्हणून ती जातानाच उजवीकडून चढली होती. त्याच वाटेने उतरताना नर्सचा पाय मोडला, आणि तिला सोडून जायला दोघं तयार झाले नाहीत. एका कपारीत बसून होती. रॉकेल आदल्या सकाळीच संपलं होतं. अजून एक रात्र काढणं अवघड होतं, असं तो अधिकारी म्हणाला.

मी बाबाला सांगितलं. तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. हजेरीला उभे असलेले सगळे पाहत होते. माझेही डोळे भरले आणि मी ते लपवले नाहीत. छातीवरचा धोंडा उतरला होता. मग बाबाने कालचा भात मागितला. हवालदारांनी ताजा आणवला.

महिन्याभराने म्होरक्या ठाण्यात आला. दोन बोटांची टोकं काळी पडली होती, बाकी ठणठणीत. नर्सच्या पायाला प्लास्टर होतं, आणि ती प्रत्येक भेटणाऱ्याला मोज्यांची गोष्ट सांगत होती म्हणे. बाबाही बरोबर होता. तो म्हणाला, "तुमी तवा पोराले धरलं नसतं, त आज पोरगा दिसला नसता."

असं म्हणणारे नंतर पुष्कळ भेटले. मला ते ऐकायला आवडलं असतं, पण ते खरं नाही. मी त्याला धरलं ते लाल चिंधी पाहून. तिचा अर्थ मला आधीच ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. तिकडच्या पथकानेही आडवी कामटी पाहून तेच केलं. ती कोणी ठेवली आणि का ठेवली, हे ठेवणाऱ्याला विचारायचं असतं. मी विचारलं ते उशिरा, आणि तेही सवय म्हणून. माझ्या चुकीतून चांगलं निघालं, ते माझं नशीब. इतकी वर्षं खाकी घालून मला हे शिकायला निवृत्तीचं तोंड बघावं लागलं.

तेव्हा मी सगळ्या स्टाफसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी माझी चूक झाली. तुला खोलीतून उचलून आणलं, ते चुकलं."

म्होरक्या आधी गोंधळला. मग त्याने हवालदारांच्या टेबलाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मोकळा हसला.

"सायेब," तो म्हणाला, "थे बी लिहून घ्या ना."

हवालदारांनी पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"लिहा," मी म्हणालो.