पाकिटाची मागची बाजू

किराणा दुकानात उंदीर आणि किस्से, दोन्ही न बोलावता वाढतात. नेकनूरच्या माझ्या दुकानात तर एकट्या सईचेच इतके साठलेत, की कुणी चहाला टेकलं की एखादा निघतोच.

सई म्हणजे शेजारच्या ज्योतीची पोरगी. चार वर्षांची असल्यापासून तिला फिट यायच्या. गोळ्यांनी भागेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी किटो आहार लावला. तूप, लोणी, अंडी, पनीर खायचं; भाकरी, भात, साखर बंद! फिट कमी झाल्या, पण चुकून बिस्किटाचा तुकडा पोटात गेला तर परत येतील ही धास्ती. म्हणून कुठलंही पाकीट हातात आलं की उलटं करायचं आणि मागं कार्बोहायड्रेट किती लिहिलंय ते बघायचं.

ज्योती दुकानात उभी राहून सगळी पाकिटं उलटी करायची. एक जमंल तर शपथ! तिचं बघून बाकीची गिऱ्हाइकंही उलटी करायला लागली. एक म्हातारा तर भडकलाच, "काय बे, समद्या गावाला मुदत संपलेला माल देतो का?"

मी म्हणलं, "बाबा, आधी तुमच्या तंबाखूच्या पुडीवर काय लिहिलंय ते वाचा!"

*

पाटोद्याहून सईची आजी आली. पिशवीत फराळी चिवडा, साबुदाण्याच्या पापड्या, बटाट्याचे वेफर्स! ज्योतीनं कपाळावर हात मारला. "आई, हे कावून आणलं?"

"अगं, तूच म्हणलीस ना पोरीला धान्य चालत न्हाई? मग उपासाचं आणलं की!"

आम्ही हसून बेजार. आजी मात्र रडायला लागली. नातीच्या हातावर काही ठेवल्याबिगर ती कधी घरात पाय टाकत नव्हती. शेवटी ज्योतीनंच आतून लोण्याचा गोळा आणून दिला. आजीनं तो सईच्या हातावर ठेवला, तेव्हा कुठं म्हातारी घरात आली.

*

सईचा बाप विष्णू ऊसतोडीला गेलता. तिकडच्या दुकानातून माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल केला. सई माझ्या शेजारीच पोत्यावर बसलेली.

"अण्णा, हे चालंल का?" पाकीट उलटं करून दाखवलं.

"न्हाई."

"मग हे?"

"ते बी न्हाई."

असं करता करता अर्धं दुकान झालं. तिकडचा दुकानदार वैतागला. विष्णूनं हातातलं पाकीट परत ठेवलं, "मग बापानं लेकराला आणायचं तरी काय?"

सई ओरडली, "लाल रिबिन आणा! तिच्या मागं काय लिहेल नसतंय!"

*

हा किस्सा शाळेतला, गुरुजींनीच सांगितलेला. पहिलीची नवी पुस्तकं वाटली. सगळी लेकरं चित्रं बघायला लागली, सईनं पुस्तक उलटं केलं.

"काय बघती गं?"

"मला चालतंय का ते."

*

मागच्या हिवाळ्यात एक फिट आली, ती थांबलीच नाही. ज्योती अजून विचारते, "अण्णा, माझ्या हातून तिच्या खाण्यात काय गेलं का?" नाही गं माय, काही गेलं नव्हतं. तिला किती सांगितलं तरी पटत नाही, आणि मला तर रडूच येतं.

एवढ्या लहान लेकराचं दहावं आमच्यात कुणी करत नाही. विष्णूनं कुणाचं ऐकलं नाही. ओढ्याच्या काठाला सगळे जमलो. भटजी म्हणाले, "पोरीच्या आवडीचं काहीतरी ठेवा."

आवडीचं काय, कुणालाच सांगता येईना. आवडीचं असं तिला काही खाता आलंच नव्हतं! मग ज्यानं त्यानं आणलेलं पुढं केलं. क्रीमची बिस्किटं, चिप्स, केक. मी बी नेलं होतं. विष्णूनं सगळं ज्योतीच्या मांडीवर ठेवलं.

तिनं पहिलं पाकीट उचललं, उलटं केलं, वाचलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं उलटं केलं, बाजूला ठेवलं. तिसरंही तसंच.

विष्णू तिच्याजवळ बसला. तिच्या हातातलं पाकीट त्यानं सरळ केलं, फोडलं आणि म्हणाला, "ज्योते, ठेव. आता समदं चालतंय तिला."