पाणी हलतं ठेवणारे भोईरदादा

भोईरदादा कुठेही गेले की आधी तिथल्या यंत्राला कान लावत. माणसांशी बोलणं त्यानंतर. भिवंडीजवळ राहनाळच्या आमच्या गोदामात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी डिस्पॅचच्या टेबलाशी चलनं लावत बसले होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात स्कूटरची चावी. आत आले, कोपऱ्यातल्या वॉटर कूलरपाशी वाकले आणि त्याच्या पत्र्याला कान टेकवून उभे राहिले. मग मला म्हणाले, "मॅडम, याची मोटार उन्हाला काढनार न्हाय. मालकाला सांगून ठेवा." मी मालकांना काहीच सांगितलं नाही, आणि ऐन एप्रिलात कूलर बंद पडला. तेव्हापासून मी त्यांचं बोलणं ऐकायला लागले.

गोदाम उभं होतं ती जमीन त्यांच्या घरची. त्यांच्या वडलांनी तिथे भात लावला होता. आता जमिनीच्या भाड्यावर घर चाले, आणि दादांच्या हाताशी वेळच वेळ असे. तो वेळ त्यांनी खाऱ्या पाण्याच्या टाकीत घातला होता. भाड्याच्या कागदांवर सही घ्यायला म्हणून मी आणि माझे यजमान दिलीप एका रविवारी त्यांच्या घरी गेलो आणि ती टाकी पाहिली. आम्ही नारपोलीला राहतो. दिवसभर लूमचा खडखडाट, आणि कापसाची पांढरी रुई उंबऱ्यावर, भांड्यांवर, केसांत. दिलीप तर सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात सुपरवायझर, शिफ्टवरून येतात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या असतात. त्या टाकीत मात्र जांभळी, हिरवी, केशरी प्रवाळं पाण्याबरोबर डोलत होती. मी किती वेळ समोर उभी होते कोण जाणे. भोईरवहिनींनी चहा दोनदा गरम केला.

"मलाही अशी एक हवी," मी म्हणाले.

"पायजे तर लहान घ्या," दादा म्हणाले. "पन लहान टाकी म्हंजे सोपी न्हाय. मोठ्या पान्यात चूक खपते. लहान पान्यात न्हाय खपत."

मला वाटलं होतं, टाकी घ्यायची, मासे सोडायचे, संपलं. दादांनी टाकी, मासे बाजूला ठेवून आधी पंपाची गोष्ट सुरू केली. प्रवाळांना ते कोरल म्हणत. "कोरलला पाय न्हाय, ताई. त्याचा जेवन त्याच्या दारात न्यायला लागतो, त्याचा कचरा त्याच्या दारातून उचलायला लागतो. पंप तेच करतो." मॅडमची ताई मी त्याच दिवशी झाले.

पंप घ्यायला आम्ही तिघं कल्याणच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने सगळ्यात ताकदीचा पंप पुढे केला. मीही त्यालाच हात घातला. एकदाच काय तो भारी घ्यावा, असा माझा हिशेब. दादांनी तो माझ्या हातातून काढून परत ठेवला. दोन फुटांच्या टाकीत एवढा जोर लावला तर तळाची वाळू उडून कोरलवर बसेल, आणि समोर जे येईल त्याची सालं निघतील, असं त्यांचं म्हणणं. "जोर नको. येरझारा पायजेत. दर्यात पानी एकाच बाजूनं धावतो का? जातो, येतो, आपटतो, फिरतो." म्हणून एका मोठ्याऐवजी दोन लहान पंप, टाकीच्या दोन अंगांना, समोरासमोर पण जरा तिरके, म्हणजे दोन्ही प्रवाह मधे भिडून पाणी गोंधळेल. कमी-जास्त करता येणारे हवेत, कारण कोरल वाढतं तशी त्याची भूक बदलते. फार तापणारे नकोत. भिवंडीचा उन्हाळा आधीच पाणी तापवतो. आवाज नको, कारण दिलीप रात्रपाळी करून दिवसा झोपतात. तोंडाला जाळी हवी, नाहीतर एखादा जीव रांगत जाऊन पात्यात अडकतो. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला, तरी दादा एकेक पंप पाण्याच्या बादलीत लावून कान देत होते.

घरी बसवताना एक गोष्ट त्यांना आमच्या घरामुळे नव्याने करावी लागली. लूमची रुई टाकीच्या पाण्यावर साय धरावी तशी पसरायची आणि पाण्याला हवा मिळायची नाही. दादांनी बराच वेळ पाहिलं, मग एका पंपाचं तोंड जरासं वर वळवलं. पाण्याचा पृष्ठभाग थरथरायला लागला आणि साय फुटली. मग त्यांनी माशांच्या खाण्याची चिमूट पाण्यात सोडली आणि आम्हाला म्हणाले, "आता बगा, कुठं थांबतो." कण सगळीकडे फिरले आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन बसले. "दर्याला कोपरा नसतो. टाकीला चार हायत. मरन तिथंच बसलेला असतो." दगड हलवले, पंप बोटभर सरकवला, पुन्हा चिमूट. संध्याकाळपर्यंत हेच. शेवटी कण कुठेच थांबेनात तेव्हा ते उठले आणि जेवायला काय केलंय ते विचारलं.

त्यानंतर ते घरचेच झाले. सुक्या बोंबलाची चटणी असली की मी त्यांना निरोप पाठवायची. एकदा उन्हाळ्यात आमच्या भागातली वीज सकाळीच गेली आणि दुपार झाली तरी येईना. पंप बंद, पाणी निपचित, मासे वर तोंड काढून धापा टाकायला लागले. मी फोन केला. दादा स्कूटरच्या पायाशी बॅटरी ठेवून त्या उन्हात आले, पंप तिच्यावर जोडले आणि वीज येईपर्यंत स्टुलावर बसून राहिले. पंख्याला बॅटरी लावू का, असं मी विचारलं तर म्हणाले, "आपन घाम पुसू शकतो." हे मी मुद्दाम सांगते आहे. त्या माणसाचं सगळंच खोटं होतं असं कुणी समजू नये.

माझ्या टाकीतली कोरलं त्यांनीच दिलेली. प्रत्येक वेळी देताना सांगत, "ह्या पिल्ल्या हायत. टाकीत वाढलेल्या, टाकीतून टाकीत आलेल्या. दर्यातली एक कांडी मी तोडलेली न्हाय." समुद्रातून प्रवाळ तोडणं, विकणं गुन्हा आहे, हेही मला पहिल्यांदा त्यांनीच सांगितलं. बोटभर वाढायला प्रवाळाला किती वर्षं लागतात ते सांगताना त्यांचा आवाज खाली येई. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच ऐकवायची. शेजारच्या बायका, नणंदेची माणसं, ऑफिसातले लोक, सगळ्यांना. अभिमानाने ऐकवायची.

मग त्यांनी एक लहानसं काम सांगितलं. पंपाचे सुटे भाग बाहेरगावाहून मागवायचे होते. घरी कधी कुणी असतं, कधी नसतं. तर गोदामाच्या पत्त्यावर, माझ्या नावाने आले तर चालतील का. यात न चालण्यासारखं काय होतं? गोदामात दिवसाला ढिगाने पार्सलं येतात. थर्माकोलचा खोका यायचा, आमचा हमाल रामजीत तो बाजूला ठेवायचा, दादा येऊन स्कूटरवर घालून न्यायचे. आधी महिन्याकाठी एखादा, मग जास्त. इतके पंप कुठे बसवता, असं मी एकदा विचारलंही. "दवाखाने, शोरूम, सगल्यांना टाकी पायजे आता," ते म्हणाले. मला बरंच वाटलं.

एक दिवस खोका गळत होता. रामजीतने तो माझ्या टेबलाशी आणला. "मैडम, इसमें से पानी आ रहा है." पंपाच्या भागांतून पाणी कसं येईल? मी बोट लावून चाखलं. खारट. दादांना फोन लावला, लागला नाही. म्हणून मी चिकटपट्टी कापली.

आत पाण्याच्या पिशव्या होत्या, एक फुटलेली. प्रत्येकीत प्रवाळाची फांदी. बुडाशी ताजा, पांढराशुभ्र तुटका भाग. छिन्नीने फोडलेल्या खडकाचा ढलपा अजून चिकटलेला. एका फांदीच्या बेचक्यात इवलासा खेकडा दडून बसला होता, जिवंत. टाकीत वाढलेल्या पिल्लांना खडक नसतो. ती प्लास्टिकच्या बिल्ल्यावर लावलेली असतात. हेही मला दादांनीच दाखवलं होतं.

मी अर्धी सुट्टी टाकली, रिक्षा केली, खोका घरी नेला आणि सगळं माझ्या टाकीत सोडलं. दुसरं काय करणार? मग तशीच दादांच्या घरी गेले. ते ओट्यावर पंप उघडून ब्रशने घासत होते. मी काय पाहिलं ते सांगितलं. त्यांचं पहिलं वाक्य मी विसरणार नाही.

"पार्सल उघडायला कोनी सांगितला तुमाला?"

"दादा, ती समुद्रातून तोडलेली आहेत."

"मग?" त्यांनी ब्रश खाली ठेवला. "आमच्या भाताच्या शेतावर तुमचा गोदाम उभा हाय. तवा कोन रडला? सगला जग तोडूनच आनलेला हाय, ताई."

"तुम्ही मला सांगत होता की एक कांडी तोडलेली नाही."

"तुमाला तसाच ऐकायचा होता."

 मग मी एवढंच विचारलं, की माझं नाव का.

ते जरा हसले, एखाद्या लहान मुलीला समजवावं तसे. "तुमच्या नावावर कोन शंका घेनार? तुमी साध्या बाई."

घरी आल्यावर दिलीप म्हणाले, "नाव तुझं आहे. ओरडशील तर तूच अडकशील. गप्प बस." ते चुकत नव्हते. पण टाकीसमोर बसले की ते पांढरे तुटके बुडखे दिसत, आणि पुढचा खोका माझ्याच नावाने येणार हे माहीत होतं. दोन दिवस तसेच काढले आणि वन खात्याच्या ऑफिसात जाऊन जे होतं ते सांगितलं. माझं नाव, गोदामाचा पत्ता, सगळं. तिथल्या अधिकारी बाई शांत होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि दादांना बोलावून घेतलं.

मला वाटलं होतं, ते रागावतील, शिव्या देतील, गयावया करतील. दादा पांढऱ्या शर्टात आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाकी या बाईंची, पार्सल या बाईंच्या नावाचा. मना पंप बसवायला बोलावतात, मी बसवून देतो. आत काय येतो, मना काय ठाव?"

या बाई. खोटा आळ घेण्यापेक्षा तेच आधी लागलं.

त्यांच्या घरी माणसं पाठवली तर त्या मोठ्या टाकीत गोडं पाणी आणि चार गोल्डफिश. मी ओट्यावरून उठून गेले त्याच दिवशी त्यांनी सगळं हलवलं असणार. कुठे, ते आजवर कळलं नाही. खाऱ्या पाण्याची टाकी आता फक्त माझ्याकडे होती. ते दिवस कसे गेले ते सांगत नाही. दिलीपनी "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही, तेवढं त्यांचं मोठेपण.

मला सोडवलं ते रामजीतने. त्याला विचारलं तेव्हा तो सरळ म्हणाला, "साहब, डिब्बा हर बार भोईर सेठ ही ले जाते थे. मैडम ने तो कभी खोला भी नहीं. जिस दिन खोला, उस दिन रो रही थीं." गेटवरच्या कॅमेऱ्यात दादांची स्कूटरही सापडली. प्रकरण त्यांच्यावर गेलं. मी साक्षीदार झाले. ते अजून चालू आहे. गोदामात मालकांनी मला डिस्पॅचवरून काढून आतल्या हिशेबाच्या खोलीत बसवलं. "थोडे दिवस," म्हणाले होते. अजून तिथेच आहे.

माझ्या टाकीतली कोरलं न्यायला समुद्री जिवांच्या एका केंद्राची माणसं आली. त्यांना परत समुद्रात लावता येत नाही, असं ते म्हणाले. मी स्वतःलाच नको म्हणत असतानाही सांगत सुटले: हिला थेट झोत देऊ नका, हिला जरा दुरून द्या, ही फांदी दोन प्रवाहांच्या मधे ठेवा. त्यातला एक तरुण थांबून ऐकत राहिला. "तुम्हाला हे चांगलं माहीत आहे," तो म्हणाला. आणि खरंच होतं ते. दादांनी पाण्याबद्दल मला शिकवलेला एकही शब्द खोटा निघाला नाही. मला अजून पचत नाही ते हेच. शिकवणं खोटं असतं तर त्यांच्याबरोबर तेही टाकून देता आलं असतं. आता रिकामी टाकी माळ्यावर आहे, आणि मी अजूनही त्यांच्याबद्दल बोलताना "आले, गेले, म्हणाले" असंच बोलते. दिलीपना त्याचा राग येतो.

गेल्या हिवाळ्यात मी नणंदेबरोबर वज्रेश्वरीला गेले होते. दर्शन झालं, ती कुंडाकडे गेली, मी स्टँडवर पिशव्या धरून उभी. समोरच्या हॉटेलातून दादा बाहेर आले. केस पिकले होते, शर्ट तसाच. मला वाटलं, तोंड फिरवतील. ते सरळ माझ्याकडे आले.

"ताई, बऱ्या हाव ना? दिलीपराव काय म्हनतात?"

जणू मधे काही घडलंच नव्हतं. मी पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. ते पिशव्यांकडे बघत म्हणाले, "टाकी बंद ठेवली म्हनं. ठेवू नका. मी येतो एक दिवस, परत लावून देतो."

त्या आवाजात पूर्वीची तीच माया होती. ती खरी होती की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही, आणि तेव्हा तर भीतीच वाटली, की हा माणूस आणखी दोन वाक्यं बोलला तर मी हो म्हणेन.

"मी तुमची ताई नाही, दादा," मी म्हणाले.

तोंडातून दादाच निघालं. त्यांनाही ते ऐकू आलं. ते काहीतरी बोलायला गेले, पण तेवढ्यात नणंद आली आणि भिवंडीची गाडी लागली. मी पिशव्या उचलल्या आणि चढले.