‘ठीक आहे’वर न थांबणाऱ्या नलिनीबाई

नलिनीबाईंची आणि माझी ओळख पाण्याने करून दिली. वेलचेरीत आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला, तेव्हा त्या लॅपटॉप डोक्यावर धरून वर आमच्या दारात आल्या. मी म्हटलं, "अहो, दागिने तरी आणायचे!" त्या म्हणाल्या, "काकू, आधी प्लग कुठाय?" त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात हे नको, असं माझी नात म्हणते. ती लिहून घेते आहे, तेवढंच तिने करावं.

एका हॉस्पिटलच्या औषधांच्या नोंदी नलिनीबाईंच्या हाती होत्या. त्यांनी मला समजेल असं सांगितलं: एकच नोंद बऱ्याच सर्व्हरवर ठेवतात, त्यातल्या प्रत्येकाला नोड म्हणतात, आणि हे नोड दिवसभर एकमेकांना "आहेस का?" विचारत राहतात. मला ते आमच्या भिशीच्या बायकांसारखंच वाटलं.

पुराच्या त्या दुपारी त्या आमच्याच टेबलाशी काम करत बसल्या, तेव्हा एक नोड सगळ्यांना "आहे, ठीक आहे" म्हणत होता. ऑफिसातली माणसं निश्चिंत. नलिनीबाईंनी मात्र त्याला चाचणीपुरती एक नवी नोंद दिली आणि लगेच परत मागितली. त्याला ती ठाऊकच नव्हती. तो सकाळीच अडकून पडला होता आणि नर्सना सकाळचीच औषधं दाखवत होता. "काकू, हा हो म्हणतोय, पण आत कोणी नाही," त्या हळूच म्हणाल्या आणि त्याला बाजूला काढलं. माझ्या हातातली भाजी तशीच राहिली.

पुढे त्या ऑफिसातून रोज दुपारी मला फोन करू लागल्या. नात तांबरमला कॉलेजात, घरात मी एकटी. "जेवलात का" विचारायला एवढी शिकलेली बाई लागते होय, अशी मी चेष्टा करायची.

एकदा मी म्हणाले, "जेवले, ताक प्याले, ठीक आहे." असं त्या सांगतात, मला काहीच आठवत नाही. आवाज माझाच, उत्तरही रोजचंच. पण त्यांना काहीतरी खटकलं. म्हणाल्या, "काकू, आज मी हिरवी साडी नेसलेय. आता सांगा, कुठली?"

"जेवले, ताक प्याले, ठीक आहे."

"काकू, साडी कुठली?"

"जेवले, ताक प्याले, ठीक आहे."

हातातलं काम टाकून त्या निघाल्या. टॅक्सीवाल्याच्या फोनवरून वॉचमनला दार उघडायला लावलं. मी टेबलाशी ताठ बसले होते. ताट वाढलेलं, घासही मोडलेला नाही. फोन कानाला, आणि मी बोलतेच आहे. मेंदूत गुठळी होती. आणखी उशीर झाला असता तर मी हाती लागले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

नलिनीबाईंची विद्वत्ता त्यांचे शिष्य सांगतीलच. त्या सांबारात फार गूळ घालतात, हे मात्र मीच सांगायला हवं.

त्या दिवशी सगळा रस्ता त्या फोन कानाला धरून माझं ऐकत होत्या. मी पुढे आणखी काय बोलले, हे कितीदा विचारलं. "काकू, भात निवतोय," म्हणतात. हसत मात्र नाहीत.

नलिनीबाई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, गुडघे शाबूत राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. आणि मी आहे तोवर एकदा सांगा, माझ्या आवाजात ते काय काय बोलत होतं.