दोघींना शेजारी उभं केलं

हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. शाळेत तर नाहीच. तुला सांगतेय — मध्येच अडखळले तर अडखळू दे.

मी नाशिकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. सातवीला तुलना शिकवायची म्हणजे टॉल, टॉलर, टॉलेस्ट. नुसतं फळ्यावर लिहिलं की पोरं जांभया देतात, म्हणून मी पोरांनाच पुढे बोलावायची. दोघांना शेजारी उभं करायचं, बाकीच्यांनी वाक्यं करायची. धमाल यायची. माझा तो हातखंडा होता, आणि मला त्याचा तोराही होता.

त्या दिवशी तपासणी होती. साहेब मागच्या बाकावर बसलेले. मी वैशाली आणि हिराला बोलावलं. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. डबासुद्धा एकत्र खायच्या. हिरा पेठ तालुक्यातली, शिकायला म्हणून इथे मामाकडे राहिलेली. उंची झाली, वेण्यांची लांबी झाली, वर्ग रंगात आला. आणि मग — मग मी काय करावं? फळ्यावर ‘डार्क’ लिहिलं. वाक्य मीच केलं. हिरा इज डार्कर दॅन वैशाली. वर्गाकडून वदवून घेतलं. वर हिरालाही म्हणायला लावलं — आय ॲम डार्कर. तिनं न चुकता म्हटलं. साहेब हसले, मी व्हेरी गुड म्हणाले. तेव्हा मला काही खटकलं का? नाही. खरंच नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी स्वतःला नुसती मूर्ख म्हटलं असतं. पण थांबलं नाही.

हिरा शाळेत येईना. मग एक दिवस मामाच तिला घेऊन आला. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. मामा बिचारा दबकत बोलत होता.

“बाई, पोरगी लय रडती. वर्गात काळी म्हनले म्हनं. कोन म्हनलं, ते काय सांगत नाय.”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, “वैशाली म्हणाली.”

किती सहज तोंडातून गेलं ते! वैशालीला बोलावून घेतलं. मीच तिला म्हटलं, माफी माग. बाईंना तोंडावर खोटं पाडायचं नसतं, हे आम्हीच पोरांना शिकवलेलं — मी त्याच भरवशावर उभी होते. तिनं माफी मागितली. हिरा मान खाली घालून उभी होती. मामा मात्र माझे आभार मानून गेला.

हिरा पेठला परत गेली ती गेलीच. शाळा सुटली तिची. वैशाली दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, विचारलं तेवढंच बोलायची. पेठ काही लांब नाही, सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मी गेले नाही. लाज वाटते, आणि भीतीही वाटते.

मामानं इतकं विचारूनही हिरानं माझं नाव सांगितलं नव्हतं. मी तिच्यादेखत तिच्या मैत्रिणीचं सांगितलं.